नळ आले घरोघरी, पण मोटार जळाली तर बोलवायचं कोणाला?

बारामती/इंदापूर : गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावची विहिरीवरची मोटार जळाली. पाणीवाल्यानं एकट्यानं दोघा पोरांना हाताशी घेऊन पाईप वर ओढले, मोटार टेम्पोत टाकून वायंडिंगला नेली. तीन दिवस गावात टँकर. तिन्ही दिवस सगळ्यांच्या शिव्या त्यालाच. चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं आणि त्याला सगळे विसरले.

हे एका गावाचं नाही. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं ठरलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, दोन हजार वस्तीच्या गावाला रोज एक लाख दहा हजार लिटर. एवढं पाणी उपसायचं, टाकीत चढवायचं आणि आळीवार सोडायचं काम बहुतेक गावांत एकच माणूस करतो. व्हॉल्व्ह तोच फिरवतो, फुटलेली लाईन तोच जोडतो, टीसीएल पावडर तोच टाकतो. अनेक ठिकाणी दिवाबत्ती आणि घरपट्टीची वसुलीही त्याच्याच गळ्यात. मोटार शेतीच्या लाईनवर असेल तर रात्री थ्री फेज आली की झोपेतून उठून स्टार्टर दाबायला जायचं.

आपल्या भागात अडचण आणखी वेगळी. नीरा डाव्या कालव्यावरच्या गावांचे साठवण तलाव आवर्तनावर भरतात. आवर्तन लांबलं की तळाचा गाळ मोटारीत येतो आणि इंपेलर घासतो. मे २०२५ च्या अवकाळी पावसात बारामती तालुक्यात हाच कालवा फुटला होता. जिरायती पट्ट्यात विहीर-बोअरचं पाणी खाली गेलं की मोटार कोरडी चालते आणि जळते. म्हणजे पाणी कमी तेव्हाच बिघाड जास्त.

टीसीएलचं काम तर जिवाशी खेळ. पावडर दमट जागी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग बादलीभर टाकली तरी उपयोग शून्य. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याकडच्या गावांत जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा बोट दूषित पाण्याकडेच गेलं होतं. हे काम ज्याच्या हाती आहे त्याला ओटी टेस्ट शिकवली का, हातमोजे दिले का, हे ग्रामसभेत कधी कोणी विचारलंय?

पगाराचं दुखणं जुनंच. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या वेतनाला शासन हातभार लावतं, पण त्याला वसुलीची अट आहे. ती काढा, अशी संघटनांची मागणी आहे. इथं चक्र असं फिरतं : पाणी नीट येत नाही म्हणून आपण पाणीपट्टी भरत नाही, वसुली नाही म्हणून त्याचा पगार रखडतो आणि दुरुस्तीला पैसा उरत नाही, मग पाणी आणखी बिघडतं. यात आपलाही वाटा आहे. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणारे आपणच, आणि शेवटच्या आळीला पाणी पोचलं नाही म्हणून त्याच्याशी भांडणारेही आपणच.

केंद्रानं फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली आणि देखभालीवर भर देऊ असं सांगितलं. 'नल जल मित्र' योजनेत गावातल्याच पोरांना प्लंबर, मोटार मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियनचं प्रशिक्षण द्यायचं आहे. कागद चांगला आहे. पण प्रशिक्षण घेऊन आलेल्या पोराला कामाचे पैसे कोण देणार, हे ठरलं नाही तर तो एमआयडीसीची वाट धरेल. त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून पुढच्या ग्रामसभेत चार गोष्टी विचारा. जादा मोटार तयार आहे का? पाणीवाला आजारी पडला तर दुसरा कोण? त्याचा पगार किती महिने थकलाय? टाकी शेवटची कधी धुतली? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि घरी जाताना पाणीपट्टीची पावती फाडा. पाईप जमिनीत गाडला की ठेकेदार बिल घेऊन जातो. रात्री-अपरात्री हातात पाना घेऊन खड्ड्यात उतरणारा मात्र आपल्याच गावचा असतो.