पुढच्या 'स्मॅश'मध्ये सगळे नकोत

रविवारी दुपारी माझी लेक आणि मी 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' खेळायला बसतो. ती किर्बी घेते, मी लिंक. २०१८ साली हा खेळ आला तेव्हा आधीच्या भागांतला एकूण एक लढवय्या त्यात परतला होता. पुढे भर पडत गेली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सोरा आल्यावर आकडा ८९ वर गेला. १९९९च्या पहिल्या खेळात बाराच होते!

पुढच्या भागात ही यादी निम्मी करावी, असं मला मनापासून वाटतं. मारिओशेजारी सॉनिक आणि पॅक-मॅन उभे करायचे तर कंपन्यांशी करार लागतात, आणि प्रत्येक नव्याचा बाकी सगळ्यांशी तोल जमवावा लागतो. आजवरचा प्रत्येक भाग मासाहिरो साकुराई यांनी दिग्दर्शित केला. एका माणसाच्या खांद्यावर आणखी किती भार टाकायचा?

शिवाय जुने भाग मरत नाहीत. २००१चा 'मेली' आजही स्पर्धांत खेळतात, तोही जुन्या जाडजूड टीव्हींवर. २०१३ साली 'इव्हो' स्पर्धेत त्याला जागा मिळावी म्हणून चाहत्यांनी स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ९४ हजार डॉलरहून अधिक देणगी उभी केली. असे भाग हा खेळ काढणाऱ्या निन्टेन्डोने नव्या यंत्रांवर विकत ठेवावेत, म्हणजे वगळलेले लढवय्ये तिथे भेटतील.

"मग माझा किर्बी?" लेकीने विचारलं. तो पहिल्या बारांतला, तो राहणारच, असं मी म्हणालो. तिला इंकलिंग हे पात्रही हवं आहे.