प्रौढांनी शिकावे ते कशासाठी?



प्रौढांचा वर्ग म्हटला की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे फळा, खडू आणि ‘ग म भ न’ एवढेच उभे राहते. चाळिशीचा शेतकरी किंवा सुतार अंगठा सोडून सही करू लागला, की वर्ग घेणाऱ्याचे समाधान होते, वरच्या साहेबाचे समाधान होते आणि अहवालही पुरा होतो. परंतु सही कशावर केली, कागदात व्याज किती लिहिले आहे, हे त्याला समजत नसेल, तर पूर्वीच्या अंगठ्यात आणि आजच्या सहीत फरक तो काय? अंगठ्याने जमीन जात होती, ती आता सहीने जाईल! अक्षरओळख हवीच, आम्हा शिक्षकांचे त्याबद्दल दुमत होणे शक्य नाही. पण ती दाराची कडी आहे, घर नव्हे. मोठ्या माणसाने शिकायचे ते आपल्या घामाचा हिशेब आपल्याला मांडता यावा म्हणून, आणि तो एकट्याने नव्हे तर चार शेजाऱ्यांत बसून मांडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत हवेतले नाही. कॅनडा देशाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाच्या प्रांतात ते प्रत्यक्ष कसाला लागले आहे. तेथे हे काम उभे केले ते काही ख्रिस्ती पाद्र्यांनी. पाद्री हा शब्द ऐकून कोणी नाक मुरडू नये आणि कोणी हातही जोडू नयेत. माणूस कोणत्या देवळातून आला हे विचारण्यापेक्षा त्याने लोकांच्या हाती काय दिले हे विचारणे बरे.

शंभर वर्षांपूर्वी त्या प्रांतात किनाऱ्यावर मच्छीमार, आतल्या भागात लहान शेतकरी आणि केप ब्रेटन बेटावर कोळशाच्या खाणीतले मजूर अशी वस्ती होती. मच्छीमाराला जाळे, मीठ, पीठ सगळे व्यापारी उधारीवर देई आणि हंगाम आला म्हणजे मासळी आपल्याच भावाने घेई. उधारीचा भाव त्याचा, मासळीचा भावही त्याचाच, आणि वहीसुद्धा त्याच्याच पेटीत! वर्षाअखेर मच्छीमाराच्या नावावर बाकी उभीच. शेतकऱ्यांची तरुण पोरे शेत टाकून अमेरिकेतल्या शहरांची वाट धरीत. सावकाराची वही ज्यांनी पाहिली आहे, त्या आमच्या वाचकांना हा मासला परका वाटणार नाही.

त्या प्रांतातील अँटिगोनिश या गावी कॅथलिक पंथाचे सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठ आहे. फादर जेम्स टॉम्प्किन्स हे तेव्हा त्याचे उपाध्यक्ष होते. विद्यापीठाची विद्या पदवी घेणाऱ्या मूठभर पोरांपुरतीच का, ती राबणाऱ्या माणसाच्या दारी का जाऊ नये, असा सवाल करणारी पुस्तिका त्यांनी १९२१ साली काढली. त्याच वर्षी त्यांनी विद्यापीठात एक लोकशाळा भरवली. तेथे येणाऱ्याला परीक्षेचा दाखला कोणी विचारीत नसे. पुढे निरनिराळी महाविद्यालये एकत्र करावीत की नाही, या वादात त्यांचे आपल्या बिशपशी वाकडे आले आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची रवानगी कॅन्सो नावाच्या मच्छीमारांच्या गावी झाली. वरिष्ठांच्या लेखी ही शिक्षाच; पण त्या शिक्षेतून लोकांचे कल्याण झाले. टॉम्प्किन्स धक्क्यावर जात, घरोघर जात, लहान पुस्तके आणि वर्तमानपत्रांची कात्रणे वाटीत, आणि उपदेश करण्याऐवजी प्रश्न विचारीत.

१ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या संघराज्याला ६० वर्षे झाली म्हणून देशभर उत्सव चालला होता. त्या दिवशी कॅन्सोच्या मच्छीमारांनी सभा भरवली आणि आम्ही उत्सव तो कशाचा करावा, असे विचारले. हा आवाज वर्तमानपत्रांतून उठला, पाद्र्यांनीही तो उचलून धरला, आणि सरकारला मच्छीमारीच्या धंद्याची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. १९२८ साली विद्यापीठाने लोकशिक्षणाचे स्वतंत्र खाते काढले. त्याचे प्रमुख झाले टॉम्प्किन्स यांचे नातलग फादर मोझेस कोडी.

त्यांची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. आधी गावात मोठी सभा होई. आपल्याकडे सभा झाली, हार घातले, टाळ्या पडल्या की काम संपते; तेथे सभेनंतर काम सुरू होई. गावातली माणसे लहान लहान अभ्यासमंडळांत बसत. एका मंडळात आठ-दहा शेजारी, आठवड्यातून एकदा, कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या मेजाभोवती. म्होरक्या त्यांच्यातलाच आणि त्यांनीच निवडलेला. विद्यापीठाकडून साध्या भाषेतल्या पुस्तिका येत. ज्याला वाचता येत नसे, त्याला शेजारी वाचून दाखवी. आपल्या मासळीला येथे काय मिळते, तीच शहरात काय दराने विकली जाते, मधला पैसा कोठे जातो, आणि तो मधला धंदा आपणच केला तर काय लागेल, असे त्यांचे धडे. ठराविक काळाने आसपासची मंडळे एकत्र जमून एकमेकांना आपापला अभ्यास सांगत. पाद्री हजर असला तरी व्यासपीठ त्याचे नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अशा मंडळांची संख्या १,००० च्या वर गेली होती आणि सभासद १०,००० च्या घरात होते.

यातून काय निघाले तेही पाहा. कॅन्सोजवळ लिटल डोव्हर नावाची अत्यंत गरीब वस्ती होती. तेथील मच्छीमारांनी स्वतः लाकूड तोडले आणि स्वतःच्या हातांनी शेवंडी डब्यात भरण्याचा कारखाना उभा केला. शेवंड म्हणजे खेकड्याच्या जातीचा मोठा जलचर. परदेशी बाजारात त्याला चांगला पैसा मिळतो. १९३० साली मच्छीमारांचा प्रांतोप्रांतीचा एक संघ स्थापन झाला. १९३२ साली नोव्हा स्कोशियात पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि मजूर, शेतकरी आपल्याच पैशांतून एकमेकांना कर्ज देऊ लागले. रिझर्व्ह माइन्स या खाणीच्या गावी काही मजूर कुटुंबांनी अनेक महिने केवळ घर या विषयाचा अभ्यास केला. कर्ज, व्याज, लाकूड, जमीन सगळ्याचा हिशेब मांडला, पुठ्ठ्याचे लहान नमुने करून पाहिले, आणि १९३८ साली ११ घरांची वसाहत आपल्या श्रमाने उभी केली. तिला त्यांनी टॉम्प्किन्स यांचेच नाव दिले. घर बांधण्याआधी इतका वेळ पाटी-पेन्सिल घेऊन बसणे काहींना वेडेपणा वाटेल. आमच्या मते तोच शहाणपणा होय. कारण मागाहून त्यांना कोणी फसवू शकत नव्हते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकाच बाजूचे गुणगान करणे हे भाटाचे काम. या पाद्र्यांच्या मनात केवळ दयाधर्म नव्हता. खाणीतले मजूर साम्यवाद्यांच्या मागे जातील ही धास्ती त्यांना होती, आणि माणसे गाव सोडून गेली तर देवळेही ओस पडणार होती. चळवळीचे दार सर्व पंथांना उघडे होते, पण वरच्या जागांवर झगेवालेच अधिक होते. स्त्रियांनी त्या कामात पुष्कळ कष्ट उपसले, तरी त्यांच्या मंडळांकडे बहुतेक वेळा स्वयंपाक, शिवण, घरचे आरोग्य हेच विषय येत. पैशाचा कारभार पुरुषांकडे राही. घरखर्चाचा हिशेब जिच्या बोटांवर असतो, तिलाच संस्थेच्या हिशेबापासून दूर ठेवायचे, हा न्याय आम्हांला पटत नाही.

सर्वांत मोठा धडा पुढचा आहे. दुसरे महायुद्ध आले, पुढे संस्था मोठ्या झाल्या, कचेऱ्या झाल्या, पगारी व्यवस्थापक आले, आणि स्वयंपाकघरातली मेजे रिकामी पडत गेली. सभासदाला वाटू लागले की आता पतपेढी उभी राहिली, दुकान उभे राहिले. मग दर आठवड्याला डोके खपवायचे कशाला? नोव्हा स्कोशियात पतपेढ्या आजही आहेत. पण १९३० साली उभा राहिलेला मच्छीमारांचा तो संघ १९८० च्या दशकाअखेर बुडाला. संघ बुडण्याला बाजाराची, मासळीची, भांडवलाची अनेक कारणे असतील. सगळा दोष अभ्यास सुटल्याच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. पण जेथे सभासद हिशेब वाचणे सोडतो, तेथे संस्था नावापुरतीच त्याची राहते, एवढे सांगायला कॅनडाला जाण्याची गरज नाही.

कारण तीच गोष्ट आज आपल्या अंगणात चालू आहे. गावोगाव विकास सोसायटी आहे, दूध संस्था आहे, पतसंस्था आहे, बायकांचे बचतगट आहेत. सभासद वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला जातो, हजेरीवर सही करतो, चहा पितो आणि परत येतो. छापील अहवाल शेव-चिवडा बांधायला जातो! ताळेबंदातील येणे किती, थकबाकी कोणाकडे, खर्च कशावर, हे विचारणारा उठला तर त्याला खाली बसवायला दहा जण तयार. ‘तुला काय कळते त्यातले?’ हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पूर्वी ते पोथी उघडून बसलेला भट म्हणे. आज ताळेबंद मिटून बसलेला आपलाच भाऊबंद म्हणतो. वाक्य बदलले नाही, म्हणणारा बदलला.

कोणी म्हणेल, दिवसभर राबून आलेल्या माणसाला अभ्यासाला वेळ कोठचा? पहाटे समुद्रावर जाणाऱ्या आणि कोळशाच्या खाणीतून वर येणाऱ्या माणसांना तो सापडला. आणि खरे सांगायचे तर पारावर, हॉटेलात, मोबाइलच्या पडद्यावर आपलाही पुष्कळ वेळ जातो. कोणी म्हणेल, शिकवणार कोण? शिकवणारा शोधत बसू नये, हाच तर या सगळ्याचा सार आहे. आठ घरे एकत्र या. आठवड्यातला एक वार ठरवा. आपल्या सोसायटीचा अहवाल, नाही तर खताच्या दुकानाची पावती, नाही तर पीकविम्याचा कागद मध्ये ठेवा. घरातली आठवीतली मुलगी मोठ्याने वाचील. जो शब्द अडेल त्याच्याखाली रेघ मारा, आणि त्याचा अर्थ पुढच्या आठवड्यापर्यंत कोण विचारून आणणार ते ठरवा. बायका चहा करायला नव्हे, मेजाशी बसायला याव्यात. गावच्या मास्तरांना बोलवा, पण खुर्ची देऊ नका. सतरंजीवर आपल्या बरोबरीने बसवा. मास्तर फार बोलू लागले तर त्यांनाही थांबवा. आम्ही स्वतः मास्तर आहोत, म्हणून हे खात्रीने सांगतो.

पहिल्या महिन्यात काही हाती लागणार नाही. पुढारी हसतील. सहा महिन्यांनी सर्वसाधारण सभेत आठ घरांतले एक माणूस उठून अमुक पानावरचा अमुक आकडा कसा आला असे विचारील, तेव्हा हसणे थांबेल. त्या दिवशी उत्तर मिळाले नाही तरी चालेल. प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, आणि लिहिला की नाही ते स्वतः वाचून पाहा.