दिवस कासराभर वर आला

गेल्या वर्षी आम्हांला 'माझे आवडते निसर्गस्थळ' हा निबंध लिहायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी महाबळेश्वरावर लिहिले. मीही लिहिले. खरे सांगायचे तर मी तोवर महाबळेश्वर पाहिलेलेच नव्हते! 'निसर्गरम्य', 'विलोभनीय', 'नयनमनोहर' असे शब्द पेरले आणि गुणही बरे मिळाले. आज मला त्या गुणांची लाज वाटते.

माझे गाव माण तालुक्यात. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे पाचशेच्या आसपास. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना गार होतात, पाणी तिथेच सांडतात आणि घाट उतरताना तापून कोरडे होतात. अशा गावावर निसर्गाचा निबंध कोण लिहिणार, असे मला वाटे.

यंदा आषाढात घरी गेलो. मृग कोरडा गेला होता, पेरणी खोळंबली होती. सकाळी आबांबरोबर बांधावर गेलो तेव्हा दिवस कासराभर वर आला होता. तिरप्या उन्हात प्रत्येक बाभळीची लांब सावली पडली होती आणि समोरच्या उघड्या टेकडीची घळ न् घळ उठून दिसत होती. दुपारी सावल्या झाडांच्या बुडाशी शिरल्या, तशी तीच टेकडी भिंतीसारखी सपाट झाली. मग पश्चिमेकडून ढग आले. त्यांच्या सावल्या माळावरून धावत टेकडी चढू लागल्या. एक उतार झाकोळे, तोच दुसरा उजळे. मी हरखून म्हणालो, "आबा, किती छान दिसतंय!"

आबा म्हणाले, "लेका, वांझ ढग हायती ते. पाण्याचा ढग बुडाला काळा असतो."

मी गप्प झालो. मला ज्या सावल्या सुंदर दिसल्या, त्यांतच आबांना खोळंबलेली पेरणी दिसली. दोन्ही खरेच. पण संध्याकाळी ढगांखालून उन्हाची तिरीप निसटली आणि सारा माळ पिवळाधमक झाला, तेव्हा बैल सोडता सोडता आबाच थांबले. म्हणाले, "बघ, पाऊस न्हाई तर न्हाई, आज माळाला हळद लागली!"

पोटाची चिंता असलेल्याला सौंदर्य दिसत नाही, असे आपण शिकलेली माणसे सहज म्हणतो. मला ते आता पटत नाही. ज्याचे पोट आभाळावर असते तो आभाळाकडे आपल्यापेक्षा अधिक बारकाईने पाहतो. कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने 1821 आणि 1822 साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे नुसत्या आभाळाची अनेक चित्रे काढली आणि कित्येकांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशाही टिपून ठेवली. त्याच्या वडिलांच्या पिठाच्या गिरण्या होत्या. तरुणपणी त्याने तिथे काम केले होते. पवनचक्कीवर काम करणाऱ्याला आभाळ वाचावेच लागते.

आमच्या घरी चित्रे नाहीत, पण शब्द आहेत. तांबडं फुटणं, झुंजूमुंजू, मळभ, उघडीप, कडूसं पडणं, दिवेलागण. उजेडाच्या एकेका छटेला एकेक शब्द. एकदा वर्गात मी 'दिवस कासराभर वर आल्यावर निघालो' असे बोलून गेलो, तर मागच्या बाकांवर हशा पिकला. तेव्हापासून मी हे शब्द महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच ठेवू लागलो. ही माझी चूक होती. कासरा म्हणजे बैलाचा दोर. त्या दोराने ज्यांनी सूर्याची उंची मोजली, त्यांची भाषा अडाणी कशी?

माझे म्हणणे एवढेच की निसर्ग म्हणजे सहलीला जाऊन पाहण्याचे ठिकाण नव्हे. ऊन आणि ढग उजाड माळावरही तितकेच खेळतात. आपल्या गावाची एखादी टेकडी सकाळी, दुपारी, सांजेला अशी तीनदा पाहावी आणि जे दिसले ते घरच्या शब्दांत लिहावे. गुरुजनांनीही अशा निबंधाला दोन गुण कमी देऊ नयेत, ही नम्र विनंती.

पुढचा निबंध मी आमच्या टेकडीवर लिहिणार आहे. 'निसर्गरम्य' हा शब्द त्यात नसेल.