एक छंद गल्ल्याबाहेर राहू द्या

नवीन उद्योजकांच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, मला फोटोग्राफीची आवड आहे, यातून इन्कम कसं सुरू करू?" कधी फोटोग्राफीच्या जागी वाचन असतं, मग "पुस्तकांचे रिव्ह्यू टाकून पैसे मिळतात का?" असं विचारतात. माझं कामच धंदा शिकवण्याचं, त्यामुळे मी लगेच हिशेब मांडून दाखवावा अशी अपेक्षा असते. पण इथे माझं मत उलटं आहे. तुमचा मसाल्याचा, शिवणकामाचा किंवा मोबाइल रिपेअरिंगचा धंदा उभा राहतोय ना? मग हा छंद त्यात ओढू नका.

'पॅशनला प्रोफेशन बनवा' हे वाक्य ऐकायला छान वाटतं. पण आवडीचा धंदा झाला की तिला रेट येतो, तारीख येते आणि समोर गिऱ्हाईक येतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला मांडवात पडलेलं ऊन बघत उभं राहता येत नाही. त्याला अल्बमची यादी पुरी करायची असते. छंदाचाच व्यवसाय करून सुखात असलेले लोक आहेत, नाही असं नाही. त्यांना विचारून बघा, त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर दुसराच काहीतरी छंद धरलेला असतो.

मी हे इतकं आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. धंद्याची पहिली दोन वर्षं फार एकाकी असतात. आषाढातला मंगळवार, बाहेर पाऊस, दुकानात दिवसभरात दोन माणसं, तीही भाव विचारून गेलेली. संध्याकाळी गल्ला उघडला की आत काही नाही. आता तुमच्याकडे दिवस मोजायचं गल्ला हे एकच माप असेल, तर तो दिवस शून्य आणि तुम्हीही शून्य. अशा संध्याकाळी माणूस घाबरून निर्णय घेतो. रेट पाडतो, शेजारच्या दुकानासारखा माल भरतो, नको ते कर्ज उचलतो. दिवसात दुसरं काही आपलं म्हणण्यासारखं असेल, तर हात जरा थांबतो.

म्हणून फोटो. त्यासाठी कॅमेरा घेऊ नका, खिशातला मोबाइल पुरे. आधी लेन्स रुमालाने पुसा. तुम्हाला हसू येईल, पण निम्मे धुरकट फोटो तेलकट बोटांमुळे येतात. फ्लॅश बंद करा. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. मग तुमच्याच दुकानात सकाळी उजेड कुठून आत येतो ते बघा. शटर अर्धं उघडल्यावर जमिनीवर पडणारी उजेडाची पट्टी. पिठाच्या गिरणीत त्याच पट्टीत तरंगणारं पीठ. रिळांच्या डब्यातले तीन लाल दोरे, जे एकसारखे लाल नाहीत. उजळ भागावर स्क्रीनला बोट लावून एक्सपोजर खाली ओढा, बाकीचं काळं पडू द्या. एकच वस्तू आठवडाभर रोज वेगळ्या वेळी टिपा. तुमचा तराजू सकाळी नऊला आणि दुपारी चारला सारखा दिसत नाही, हे समजायला तीन दिवस लागतात आणि समजलं की मजा येते. माणसांचे फोटो मात्र विचारून काढा.

यावर लगेच ऐकू येतं, "म्हणजे प्रॉडक्टचे फोटोही सुधारतील!" सुधारतील की. पण त्यासाठीच काढायला लागलात तर ते परत कामच झालं.

अमेरिकेत शिकागोमध्ये व्हिव्हियन मायर नावाची बाई होती. लोकांच्या घरी मुलं सांभाळायची आणि मोकळ्या वेळात गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यावर फिरायची. तिने एक लाखाहून अधिक फोटो काढले, कुणाला फारसे दाखवले नाहीत. कित्येक रोल तर धुतलेसुद्धा नव्हते. २००७ मध्ये तिने भाड्याच्या गोदामात ठेवलेल्या सामानाचा लिलाव झाला आणि ते बाहेर आले. २००९ मध्ये ती वारली, नाव झालं ते त्यानंतर. लिलाव का झाला? गोदामाचं भाडं थकलं होतं. (म्हणजे हिशेबाची वही ठेवायचीच, त्यातून सुटका नाही.) पण ती बाई वर्षानुवर्षं कुणाच्या शाबासकीशिवाय फोटो काढत राहिली, हे मला तिच्या प्रसिद्धीपेक्षा मोठं वाटतं.

पुस्तकांचंही तेच. तुमच्यातले बरेच जण वाचतात, पण काय? श्रीमंत कसं व्हावं, सकाळी पाचला का उठावं. वाचा, मीही वाचतो, पण ते ट्रेनिंग झालं. रात्री उशाशी असं काहीतरी ठेवा ज्यातून एकही 'टिप' निघणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. १९५५ साली आलेली छोटीशी कादंबरी. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, हळूहळू तिथलाच होतो, आणि मग दुष्काळ पडून वाडी रिकामी होते. फायदा काय? काही नाही. पण दुसऱ्या दिवशी काउंटरपलीकडे उभा असलेला म्हातारा तुम्हाला नुसता 'कस्टमर' वाटणार नाही. त्याचा फेटा दिसेल, बोलायच्या आधी तो किती वेळ गप्प राहिला तेही लक्षात येईल.

पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. आपल्याकडे १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, तालुक्याच्या गावात अनुदानावर चालणारं वाचनालय बहुधा सापडतंच. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. महाबळेश्वरकडे कधी जाणं झालं तर पाचगणीजवळ भिलारला थांबा. तिथे २०१७ पासून गावातल्या घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि बसून वाचायला कुणी पैसे मागत नाही.

वेळ नाही म्हणाल. दुपारी गिऱ्हाईक नसताना रील बघायला जो वेळ मिळतो, तोच.

तर उद्या शटर उघडल्यावर आधी एक फोटो काढा, मग अगरबत्ती लावा. तो स्टेटसला टाकू नका, दुकानाच्या ग्रुपवरही नको. आणि कृपा करून मलाही पाठवू नका, मी त्यात मार्केटिंग शोधायला लागेन.