विश्लेषण : ई-स्कूटरच्या बॅटरीतली उष्णता प्लास्टिकमध्ये का अडकते?

९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये एका कंटेनरमधल्या ४० पैकी २० इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या. गाड्या जितेंद्र न्यू ईव्ही टेक या नाशिकच्याच कंपनीच्या होत्या. सुदैवाने कोणी जखमी झालं नाही. त्याआधी मार्चमध्ये पुण्यातही एक ई-स्कूटर पेटली होती. मग केंद्राने बॅटरी सुरक्षेचे नियम (एआयएस-१५६) कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले.

अशा घटनांनंतर चर्चा होते ती चार्जरची, सेलच्या दर्जाची आणि उन्हाची. बॅटरीतलं प्लास्टिक मात्र दुर्लक्षित राहतं. सेल बसवायचा साचा, त्यांना धरून ठेवणारा गोंद आणि प्रत्येक सेलच्या आतला पातळ पडदा, हे सगळं प्लास्टिकच.

प्लास्टिकमधून उष्णता जात का नाही?

घन पदार्थात उष्णता म्हणजे अणूंची थरथर. स्फटिकात अणू ओळीने बसलेले असतात, त्यामुळे ही थरथर लाटेसारखी लांबवर जाते. प्लास्टिकचे रेणू लांबलचक साखळ्यांचे असतात आणि त्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. साखळीच्या आत अणू घट्ट बांधलेले, पण दोन साखळ्यांमधलं बंधन अगदी ढिलं. म्हणून लाट तयार होते न होते तोच विस्कटते. पुढे थरथर शेजारच्या अणूकडे, तिथून भलत्याच दिशेला, अशी भरकटत सरकते. अशा अव्यवस्थित पदार्थांत थरथर लाटेसारखी न धावता शाईसारखी पसरते, हे फिलिप ॲलन आणि जोसेफ फेल्डमन यांनी १९९३ मध्ये गणिताने मांडलं.

परिणाम मोठा आहे. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता सुमारे २३७ वॅट प्रति मीटर-केल्विन, तर साध्या प्लास्टिकची साधारण ०.२. म्हणजे हजार पटींहून जास्त फरक.

मग दुसरं प्लास्टिक वापरा की!

इथेच खरी अडचण आहे. रोजच्या वापरात सेलची उष्णता बाहेर जायला हवी. पण एखादा सेल बिघडून तापला, तर तीच उष्णता शेजारच्या सेलपर्यंत पोहोचता कामा नये. प्लास्टिककडून आपण दोन्ही उलटी कामं मागतो. नव्या नियमांत सेलमध्ये पुरेसं अंतर आणि एका सेलमधला बिघाड पसरतो का याची चाचणी आहे, ती यासाठीच. सेलमधला पडदा पॉलिइथिलीनचा असेल तर तो सुमारे १३० अंशांना वितळतो. तो गेला की आतच शॉर्टसर्किट.

प्लास्टिकमध्ये ॲल्युमिनाची पूड मिसळून वाहकता वाढवता येते, पण पूड भरपूर लागते आणि वजन वाढतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी पॉलिइथिलीनचे अतिसूक्ष्म धागे ताणून साखळ्या सरळ केल्या, तेव्हा वाहकता १०४ पर्यंत गेली, लोखंडाहून जास्त! पण ती धाग्याच्या दिशेने. तसं प्लास्टिक ओतून बॅटरीचा साचा बनवणं वेगळी गोष्ट.

तोवर एप्रिल-मेमध्ये भर दुपारी गाडी चालवून आलात, तर लगेच चार्जिंगला लावू नका. वरचं कव्हर हाताला गार लागलं तरी आतले सेल तापलेले असू शकतात, कारण मधल्या प्लास्टिकमधून उष्णता सावकाश बाहेर येते.