हात धरायला किती खंड लागतात?

निवृत्त शिक्षकाला गावात तीन कामे हक्काने मिळतात. लग्नपत्रिकेचे शुद्धलेखन तपासणे, कुणी गेले की शोकसभेत दोन शब्द बोलणे आणि वाचनालयाच्या पुस्तक-निवड समितीवर बसणे. पहिल्या दोन कामांत मी आजवर कुणाशी भांडलो नाही. पत्रिकेतल्या चुका वधूपक्षाच्या आणि शोकसभेतला मुख्य माणूस तक्रार करीत नाही. तिसऱ्या कामात मात्र गेल्या महिन्यात असा भांडलो, की चहा न घेताच उठलो. आमच्या गोंडपिपरीत माणूस चहा न घेता उठला म्हणजे प्रकरण चंद्रपूरच्या कोर्टात गेल्यासारखेच समजतात.

भांडणाचे कारण एक जपानी मुलगी.

दचकू नका. माझे वय चौऱ्याहत्तर आहे, गुडघे दोन्ही वाजतात आणि सौभाग्यवतींना सगळे ठाऊक आहे. मुलगी पुस्तकातली आहे.

झाले असे, की उन्हाळ्यात माझी नात नागपूरहून आली. दहावीची परीक्षा देऊन आलेली पोरगी म्हणजे सुटलेला बाण. बॅगेत कपडे दोन आणि पुस्तके सतरा. सगळी एकाच मालिकेची. मे महिन्यात आमच्याकडे ऊन असे पडते, की वैनगंगा आणि वर्धा या दोन नद्यांच्या मध्ये राहूनही माणूस माठाकडे आशेने बघतो. दुपारी करायचे काय? मी एक पुस्तक उचलले. उघडले तो समोर एक पान आणि त्यावर इंग्रजीत चक्क छापलेले, की महाशय, तुम्ही चुकीच्या बाजूने वाचत आहात.

"आबाजी, उलटं धरलं तुम्ही," नात म्हणाली.

सदतीस वर्षे पोरांना पुस्तक सुलटे धरायला शिकवले, त्याचे हे फळ! मग कळले, की जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. तिला म्हणतात मांगा. इंग्रजी भाषांतरातही चित्रे तशीच ठेवतात, म्हणून वाट चुकलेल्यांसाठी शेवटी ही पाटी. आपल्या आयुष्याच्या शेवटीही अशी एक पाटी असावी असे मला वाटून गेले. पण त्याबद्दल पुढे.

मालिकेचे नाव 'किमी नि तोदोके', म्हणजे साधारण 'तुझ्यापर्यंत पोहोचो'. करुहो शीना या बाईंनी काढली आणि लिहिली. मुलींच्या एका मासिकात ती 2017 सालापर्यंत क्रमशः चालली आणि तिचे तीस खंड झाले. 2008 साली तिला कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचे मोठे पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की मालिका छापणारी संस्था शुएइशा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची! एका प्रकाशकाने दुसऱ्या प्रकाशकाच्या पुस्तकाला बक्षीस द्यायचे, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. आमच्याकडे एका साहित्य मंडळाचा माणूस दुसऱ्याच्या कार्यक्रमाला टाळ्यासुद्धा मोजून वाजवतो.

कथा सांगतो. सावाको नावाची मुलगी. लांब काळे केस, फिकट चेहरा, बोलणे कमी. 'रिंग' नावाच्या जपानी भयकथेत सादाको नावाची भुताटकीची पोर आहे, तिच्यावरून वर्ग हिला सादाको म्हणतो. हिच्याकडे तीन सेकंद पाहिले की काहीतरी वाईट घडते, अशी वदंता. आपल्याकडे हडळ म्हणाले असते. पोर बिचारी रोज एक सत्कृत्य करायचे हा नेम पाळते, फुलांच्या वाफ्यांना पाणी घालते, आणि भुताच्या खेळात भूत व्हायला कुणी तयार नसले तर स्वतः उभी राहते. कारण निदान तिथे तरी लोकांच्या उपयोगी पडता येईल! वर्गात काझेहाया नावाचा एक मुलगा आहे. तो तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो. झाले. कथानक संपले. उरलेले खंड म्हणजे या एका हाकेचे पडसाद.

मी जुने हजेरीपुस्तक काढले आणि कोऱ्या पानांवर खंडवार परीक्षण लिहू लागलो. सवयीने गुणही देऊ लागलो. पहिला खंड : शंभरपैकी बहात्तर. पावसात भिजलेल्या कुत्र्याच्या पिल्लावर मुलगी छत्री धरते, तो प्रसंग उत्तम. नाके मात्र कधी असतात, कधी नसतात. दुसरा खंड : अठ्ठ्याहत्तर. दोन मैत्रिणींबद्दल घाणेरड्या अफवा उठतात, त्या हिनेच उठवल्या असे सांगितले जाते आणि तिघी मिळून त्यातून बाहेर येतात. मैत्री या विषयावर मी सदतीस वर्षे निबंध लिहवून घेतले. त्यातला एकही याच्या पासंगाला पुरणार नाही. पुढे पिन नावाचा एक शिक्षक येतो : आरडाओरड करणारा, स्वतःवर खूश, सल्ले चुकीचे देणारा. त्याला मी पस्तीस गुण देऊन काठावर पास केले, कारण तो मला ओळखीचा वाटला. मग चॉकलेट द्यायचा दिवस येतो. ही स्वतःच्या हाताने चॉकलेट करते, इतरांना वाटते आणि ज्याच्यासाठी केले त्यालाच द्यायचे राहते. इथे सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, एकटेच काय हसून राहिले?" मी हसत नव्हतो.

दहाव्या खंडाच्या आसपास, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या गर्दीत, दोघे एकदाचे मनातले बोलतात. मी उठून फेरी मारून आलो. तेरा गुण वाढवले.

मग मी समितीपुढे प्रस्ताव ठेवला : ही मालिका वाचनालयाने घ्यावी, निदान पहिले पाच खंड. आमच्या समितीचा वेग आपणास ठाऊक नसेल. 1982 साली गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, ही बातमी आमच्या काही रजिस्टरांना अजून पोहोचायची आहे. परंतु त्या दिवशी समिती विजेच्या वेगाने हलली आणि तीन आक्षेप एकदम आले.

आक्षेप पहिला : "गुरुजी, हे कॉमिक्स होय जी! वाचनालयात पोरखेळ आणता काय?" हे बोलणारे गृहस्थ लहानपणी इंद्रजाल कॉमिक्ससाठी आठवडाभर रस्त्याकडे डोळे लावून बसत, हे मला माहीत आहे, कारण रांगेत मीही होतो. वेताळाची कवटीची गुहा यांना तोंडपाठ. तेव्हा तो पोरखेळ नव्हता, ते सामान्यज्ञान होते! आणि चित्रे असली की वाङ्मय उतरते म्हणता, तर अमर चित्रकथेवर आपली एक पिढी पुराणे शिकली. देवांच्या गोष्टीला चित्र चालते, पोरीच्या मनाला चालत नाही, हा कुठला न्याय?

आक्षेप दुसरा : "यात काही घडतच नाही. दहा खंड होतात आणि हा पोरगा बोलत नाही." मी म्हणालो, तुमच्या वेताळाने डायनाशी ओळख केली 1936 साली आणि लग्न केले 1977 साली. एकेचाळीस वर्षे! त्या मानाने हा जपानी पोरगा उतावीळ म्हणायचा. पण खरे उत्तर निराळे आहे. आम्ही झाडीपट्टीतली माणसे. धान निघाले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर मंडपात बसायचे; प्रेम असले की खलनायक हवा, कुऱ्हाड हवी, तिसऱ्या अंकात प्रेत हवे. मी ती नाटके रडत रडत पाहिली आहेत, पुढेही पाहीन. पण त्यामुळे आमची समजूत अशी झाली, की कुणी मेल्याशिवाय प्रेम झाल्याची नोंदच होत नाही. अकरा आणि बाराव्या खंडांच्या मध्ये घडते ते हे, की एक माणूस दुसऱ्याशी नीट बोलायला शिकतो. याला 'काही घडत नाही' म्हणणाऱ्याने घरी किती वर्षे कुणाशी नीट बोलणे केलेले नाही, ते एकदा मोजावे.

आक्षेप तिसरा. हा हळू आवाजात आला, म्हणजे तोच खरा होता. "पोरी बिघडतात, गुरुजी."

इथे मी चहा ठेवला.

मला ठाऊक आहे की आमच्याकडे हे सोपे नाही. मिलिंद बोकीलांची 'शाळा' मराठीत 2004 साली आली. नववीतल्या मुलाच्या मनातले इतके खरे लिहिलेले, की मी ती लपवून वाचली. शिक्षकाने वाचल्याचे कळले तर काय, म्हणून! मग 2014 साली 'फँड्री' आला, 2016 साली 'सैराट'. दोन्ही पाहून बाहेर पडताना कुणी बोलत नव्हते. जपानमध्ये पोराने पोरीला नावाने हाक मारली तर खंड वाढतो. आपल्याकडे आधी आडनाव विचारतात. तिथे दगड आणि रक्त दाखवले, ते अतिशयोक्ती म्हणून नव्हे. म्हणूनच तर मला हे पुस्तक हवे आहे! ज्या पोरांनी प्रेमाची दोनच रूपे पाहिली, एक सिनेमातल्या गाण्याचे आणि दुसरे पेपरातल्या बातमीचे, त्यांना तिसरे रूप कोण दाखवणार? नकार कसा द्यावा, नकार कसा घ्यावा, मैत्रिणीबद्दलची अफवा पुढे सरकवायची नसते, हे कुठल्या तासाला शिकवतो आपण? माझ्या वेळापत्रकात तरी तो तास नव्हता.

आता ते 'पुढे' म्हणालो होतो, ते.

1986 साल. मी नववीचा वर्गशिक्षक. शाळा कोणती ते सोडा. दोष शाळेचा नव्हता. एका मुलीच्या वहीतून चिठ्ठी पडली. अक्षर मुलाचे. मी ती उचलली आणि, पिनपेक्षाही मोठ्या आवाजात, वर्गापुढे वाचून दाखवली. चिठ्ठीत लिहिले होते, की तू तीन दिवस आली नाहीस, बीजगणिताची उदाहरणे उतरवून ठेवली आहेत, घेऊन जा. खाली नाव नव्हते. वर्ग हसला. मीही हसलो. हशा मिळाला की शिक्षकाला वाटते आपण फार चांगले शिकवतो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील सायकलवरून आले. मला नमस्कार केला, "बरं झालं गुरुजी, वेळेवर सांगितलं" म्हणाले आणि दप्तर कॅरिअरला लावून घेऊन गेले. पोरगी परत आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झाले. मुलगा दहावी पास झाला, पुढे शिकला, नोकरीला लागला. मी हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे लाल रेघ मारली आणि गावात कडक शिक्षक म्हणून माझी कीर्ती झाली. पुरावा काय होता? बीजगणित!

सावाकोही परीक्षेआधी वर्गातल्या मुलांना अभ्यास समजावून सांगते. तिथे ते पान आले आणि मी पुस्तक मिटले. त्या रात्री परीक्षण लिहिले नाही. पोरी पुस्तकाने बिघडत नाहीत हो. पोरींचे बिघडवणारे आम्ही होतो. हातात खडू घेऊन उभे, आणि चुकीच्या बाजूने वाचत.

हे मी समितीला सांगितले. सगळे गप्प झाले. मग एक सदस्य म्हणाले, "पण गुरुजी, पुस्तक इंग्रजीत आहे, कोण वाचणार?" तेव्हा मी उठलो.

वाचणार कोण, ते सांगतो. नात जाताना पहिले तीन खंड ठेवून गेली. शेजारची नववीतली पोर रोज संध्याकाळी येते, ओट्यावर बसते, डिक्शनरी मांडीवर. फुग्यांतली वाक्ये छोटी असतात, जमते तिला. परवा तिने विचारले, "आबाजी, शेवटी हिचं काय होते जी? लग्न लावून देतात काय?"

मी म्हणालो, "नाही. मास्तरीण व्हायचं ठरवते. त्यासाठी कॉलेजात जाते."

पोर थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग चांगलं आहे पुस्तक," आणि पान उलटले. योग्य बाजूने.

पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे. मी जाणार आहे. हजेरीपुस्तकातली सगळी परीक्षणे घेऊन जाणार आहे, गुणांसकट. चहाही घेईन, पण प्रस्तावावर सह्या झाल्यानंतर. तोवर माझा कप झाकून ठेवावा, ही नम्र विनंती.