‘आपल्यात हराम आहे’ म्हटल्यावर पुढे काय?

आमच्या मोहल्ल्यात दारूचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येते, ‘आपल्यात हराम आहे.’ हराम आहेच, त्यात वाद नाही. पण या वाक्याने विषय तिथेच मिटतो, आणि ज्या घरात रोज संध्याकाळी बाटली येते त्या घरातली बाई आणखी गप्प होते. पालक सभेला मुलाचे अब्बा का येत नाहीत असे विचारले की अम्मी सांगते, ‘उनकी रातपाली है, सर.’ कुठली रातपाळी, ते आवाजावरून कळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातले सुमारे 19 टक्के पुरुष दारू पितात असे आढळले. स्त्रिया जेमतेम 1 टक्का. त्याच सर्वेक्षणात, नवरा वारंवार नशेत असतो अशा बायकांपैकी 70 टक्के जणींनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली होती. नवरा पीत नाही तिथे हेच प्रमाण 23 टक्के. (म्हणजे न पिणारेही सगळे फरिश्ते नाहीत.) पिणारा एक, भोगणारी दुसरी.

आणि त्या 1 टक्क्यातली बाई? पुरुषाइतकीच दारू पोटात गेली तरी तिच्या रक्तात ती जास्त चढते, कारण बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते. यकृत लवकर बिघडते, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात बायको घेऊन जाते. बायकोला कोण नेणार? पुण्याच्या मुक्तांगणला स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढावा लागला, तो उगाच नाही.

महाराष्ट्रात बायकांना मतदानाने दुकान बंद करता येते. पण बाटली आडवी व्हायला नोंदणी झालेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. जी घरी बसली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीकडे जाते. आपल्या बायकांना त्या दिवशी घराबाहेर पडू देणारे किती नवरे, किती सासरे आहेत?

कुरआनातही दारूची मनाई एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने आली. माणसाची सवय सुटायला वेळ लागतो, हे तिथे गृहीत धरले आहे. आपण मात्र पिणाऱ्याला एक तर लपवतो, नाही तर वाळीत टाकतो. आजारी म्हणून दवाखान्यात नेत नाही.

जमातीकडे माझी मागणी लहान आहे. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात, त्याखाली व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 लिहा. आणि बायका फलकापर्यंत येत नाहीत, म्हणून तोच नंबर मदरशातल्या मुलींच्या वहीत उर्दू आणि मराठीत लिहून घरी पाठवा. लिहून द्यायला मी तयार आहे.